घ. जा.

आमच्या कुलवृत्तांताच्या नव्या आवृत्तीत, आमच्या शाखेच्या पानावर, माझ्या खापरपणजोबांच्या नावापुढे एक ओळ छापलेली आहे : ‘घोडदळातील जासूद. शूर व विश्वासू.’ ही ओळ खोटी आहे आणि ती मी लिहिलेली आहे. त्यातला घोडा बाबांच्या डोक्यातून आला होता, हे खरं. पण ‘शूर व विश्वासू’ ही भर माझी. रकाना फार मोकळा दिसत होता म्हणून.

मी मुळात कमी बोलणारा. घरी पाहुणे आले की आई त्यांना आधीच सांगून ठेवायची, ‘‘तो रागावलेला नाही हं, त्याचा चेहराच तसा आहे.’’ न बोलणाऱ्याचा एक मोठा फायदा असतो. लोक त्याला सज्जन समजतात. मला निम्मं आयुष्य लोक सज्जन समजत आले, आणि तो गैरसमज दूर करायला मला फुरसत झाली नाही. आता पन्नाशी उलटली, बाबा गेले, तेव्हा सांगून टाकतो.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर आम्ही विठ्ठलवाडीला, एसटी डेपोच्या मागच्या अंगाला, एका चाळीत पहिल्या मजल्यावर राहत होतो. दोन खोल्या, आणि बाहेरच्या खोलीवर एक पोटमाळा. माणसं चार. बाबा अंबरनाथच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर. माझ्याहून दोन वर्षांनी मोठी ताई उल्हासनगरात एका सिंधी कापड व्यापाऱ्याकडे टायपिस्ट. मी एका कचेरीत नुकताच कारकून म्हणून चिकटलेला. आणि आम्हा तिघांना डबे भरून देऊन दिवसभर चाळीच्या बातम्या गोळा करणारी आई.

एके दिवशी पोस्टाने एक परिपत्रक आलं. आमच्या आडनावाच्या लोकांचं एक कुलमंडळ होतं. त्यांनी फार पूर्वी कुलवृत्तांत छापला होता आणि आता त्याची सुधारलेली आवृत्ती निघणार होती. ‘ज्या शाखांची नोंद राहिली असेल त्यांनी सोबतचे माहितीपत्रक भरून पाठवावे.’ बाबांनी कुणाकडून तरी जुनी आवृत्ती मागून आणली आणि कानावर पेन्सिल अडकवून रात्रंदिवस त्यात बोट फिरवलं. आम्ही त्यात नव्हतो. तेवीस शाखा होत्या, नकाशासारखे घडी घातलेले वंशवृक्ष होते, पण आमचं गाव नव्हतं की आमच्या आजोबांचं नाव नव्हतं. दुसरा कुणी खचला असता. बाबा म्हणाले, ‘‘आपण आहोत. नक्की आहोत. चुकीच्या रॅकवर ठेवले गेलोत, एवढंच.’’

मग आजोबांची लाल कापडी बांधणीची वही निघाली. श्राद्धाला लागतात म्हणून आजोबांनी त्यात पूर्वजांची नावं लिहून ठेवली होती आणि प्रत्येक नावापुढे बारीक अक्षरात एखादी खूण. एकापुढे ‘काशीस गेले’, एकापुढे ‘पटकीने’, एकापुढे नुसतं ‘तापट’. आणि खापरपणजोबांच्या नावापुढे दोन अक्षरं : ‘घ. जा.’

आता संक्षेप हा बाबांचा स्वतःचा विषय. कारखान्याच्या रजिस्टरात ‘शि. ना.’ म्हणजे शिल्लक नाही, ‘मा. प.’ म्हणजे माल परत. अख्ख्या खात्यात हे संक्षेप त्यांनी रूढ केलेले. त्यामुळे ‘घ. जा.’ हे आव्हान त्यांनी अंगावर घेतलं. पहिल्या दिवशी ते म्हणाले, ‘‘घरचा जाणता.’’ दुसऱ्या दिवशी त्यांनीच ते खोडलं; जाणता नाही असा माणूस आपल्या घरात झालाच नाही, मग याच्यापुढेच का लिहितील?

‘‘घरी जाऊन,’’ आई म्हणाली.

‘‘घरी जाऊन काय?’’

‘‘ते पुढे लिहायचं राहिलं असेल.’’

ताई म्हणाली, ‘‘घाईत जाताना. म्हणजे घाईघाईने जाताना पडले आणि गेले.’’ बाबांना ते आवडलं नाही. तापट आणि पटकीने या दोघांच्या मध्ये आणखी एक घसरून पडलेला त्यांना नको होता.

पाचव्या दिवशी सकाळी ते दाढी करत असताना, अर्ध्या गालावर साबण तसाच, गॅलरीत आले आणि सगळ्या चाळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, ‘‘घोडदळातील जासूद!’’

त्या सकाळपासून आमच्या घराचं वळणच बदललं. बाबा ताठ चालायला लागले. स्टेशनवरून टांग्यात बसले तर टांगेवाल्याला सूचना देत, ‘‘मान ओढू नको त्याची, तोंडाला लागतं.’’ एकदा तो टांगेवाला उतरून उभा राहिला. ‘‘साहेब, आप चलाओ. मैं पीछे बैठता.’’ चाळीत त्यांचं नाव जासूदकाका पडलं. शेजारच्या काकू रोज न चुकता विचारायच्या, ‘‘भाऊजी, मग घोडा कुठे गेला हो?’’ जणू आम्ही विकून खाल्ला होता. कोपऱ्यावरच्या किराणावाल्या सिंधीकाकांना बाबांनी सगळं समजावून सांगितलं. त्यांनी साखर तोलता तोलता ऐकून घेतलं आणि अगदी आपुलकीने म्हणाले, ‘‘साईं, सीधा बोलो ना, घोडे का धंधा था. उसमें शरम कैसी?’’

माहितीपत्रकासोबत कुलमंडळाने एक अट घातली होती. नव्याने जोडल्या जाणाऱ्या शाखेतल्या निदान एका पूर्वजाबद्दल अस्सल कागदाचा आधार हवा. बाबांना आठवलं की त्यांचे एक चुलतभाऊ जांभूळला राहतात आणि घराण्याचं जुनं बाड त्यांच्याकडे आहे. ‘‘तू जा,’’ बाबा मला म्हणाले. ‘‘तू कमी बोलतोस. तुला देतील.’’

म्हणून एका रविवारी सकाळी मी जांभूळला गेलो. पाण्याच्या मोठ्या टाक्या ओलांडल्या की डाव्या हाताला चुलत्यांचं घर. ते अंगणात विळ्याला धार लावत बसले होते.

‘‘कोन रं तू?’’

मी वडिलांचं नाव सांगितलं.

‘‘स्टोरवाल्याचा? बस. चा घे. बापाला सांग, मेल्यावर तरी येशील का गावात. कागुद? हायत ना कागुद. उंदरांनी ठेवलंत तेवढं हायत.’’

भाताच्या कणगीवर एक पत्र्याची पेटी होती. तिच्यातून त्यांनी फडक्यात गुंडाळलेलं बाड काढलं आणि त्यावर फुंकर मारली. बोलणं निघालं म्हणून मी भीत भीत विचारलं, आपले कुणी घोडदळात होते का?

‘‘कशात?’’

‘‘घोडदळात. घोड्यावर.’’

चुलत्यांनी आत बायकोला हाक मारली. ‘‘आयकलास का? हा इचारतो घोडा व्हता का आपला!’’ आतून हसण्याचा आवाज आला. ‘‘पोरा, आपल्याकं बैल पन मागून आनलेला असायचा. बापाला सांग, स्टोरात गरम व्हतं वाटतं फार.’’

बाडातले बहुतेक कागद मोडीत होते. मोडी वाचणारे एक निवृत्त गुरुजी बदलापूरला हेंद्रेपाड्यात राहतात, लोक जमिनीचे जुने कागद त्यांच्याकडूनच वाचून घेतात, हे चुलत्यांनीच सांगितलं. एका टेम्पोत पुढे ड्रायव्हरशेजारी बसून मी बदलापूर गाठलं. गुरुजी ओट्यावर शेंगा सोलत बसले होते. मी नमस्कार करून म्हणालो, ‘‘जांभूळला आमचा एक जुना कागद भेटला, तो...’’

‘‘कागद भेटत नाही,’’ गुरुजी म्हणाले. ‘‘कागद मिळतो. माणूस भेटतो.’’

मी पुन्हा सुरुवात केली. बाडातले कागद त्यांनी एकेक करून भिंग लावून पाहिले. एक शेतसाऱ्याचा होता, एक विहिरीच्या भांडणाचा. तिसऱ्यावर ते थांबले, कारण त्यात खापरपणजोबांचं नाव होतं. मी सरकून जवळ गेलो. गुरुजी अक्षरावर अक्षर लावत वाचत होते, ‘‘तुम्हांस... घ... घ...’’

‘‘घोड,’’ मी म्हणालो.

‘‘मध्ये बोलू नका. घ... र. घर. जा... व...’’ त्यांनी भिंग खाली ठेवलं. ‘‘घरजावई.’’

‘‘घोडदळातील जासूद नाही?’’

गुरुजींनी माझ्याकडे असं पाहिलं की बहुधा त्यांचे जुने विद्यार्थी अजून त्या नजरेला घाबरत असावेत. मग त्यांनी कागद पुन्हा उचलला आणि सबंध वाचून दाखवला. तो करार होता. आम्हांस पुत्रसंतान नाही, सबब आमची कन्या देऊन तुम्हांस घरजावई करून घरी ठेविले असे. तुम्ही आमचे आडनाव लावावे. आमचे कुळीचे देव करावे. शेत पाहावे. म्हैस राखावी. सासूशी उलट बोलू नये. सांगितल्याखेरीज आपले गावी जाऊ नये. मागे दोन वेळां न सांगतां गेलेत तैसे जाऊ नये.

शेवटच्या वाक्याला गुरुजी हसले. मला हसू येईना. ‘‘मग त्यांचं मूळचं आडनाव काय होतं?’’ मी विचारलं. गुरुजींनी कागद उजेडात धरला. ज्या जागी ते आडनाव असायला हवं होतं त्या जागी उंदराने कुरतडलेलं एक सुबक गोल भोक होतं. त्यातून मला गुरुजींचा डोळा दिसला.

आजोबांना हे ठाऊक असणार. म्हणूनच त्यांनी वहीत पुरतं लिहिलं नाही आणि गाळलंही नाही. दोन अक्षरं लिहून ते मोकळे झाले. आमच्या घराण्यातला कमी बोलणारा मी पहिला नव्हतो तर.

गुरुजींनी सगळा मजकूर बाळबोध अक्षरात फुलस्केपवर उतरवून दिला आणि खाली ‘वाचन बरोबर आहे’ असं लिहून सही केली. कागद माझ्या हातात देताना म्हणाले, ‘‘आता मात्र म्हणायला हरकत नाही. खापरपणजोबा भेटले तुम्हाला.’’

तो कागद चौघडी करून मी शर्टाच्या खिशात ठेवला आणि संध्याकाळी घरी पोचलो, तर बाहेरच्या खोलीत टायपिंगचे सर बसलेले.

हे उल्हासनगरच्या कॅम्प चारमधल्या एका टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये शिकवायचे. ताई तिथेच टायपिंग शिकली होती, आणि शिकून झाल्यावरही वर्षभर तिचा स्पीड वाढवायचा राहिला होता. मी ते ओळखून होतो. पण बोललो नव्हतो. सरांचे आईवडील लहानपणीच गेलेले. अंबरनाथला मामाकडे ते वाढले. मामाचं घर आता मामाच्या मुलांनाच पुरत नव्हतं, म्हणून ते इन्स्टिट्यूटच्याच एका बाकावर निजत. सरळ माणूस. स्वतःच्या लग्नाचं विचारायला स्वतःच आला होता, इस्त्रीच्या शर्टात, मांडीवर हात ठेवून. घर मिळालेलं नाही, खटपट चालू आहे, हे त्याने आपणहून सांगितलं. आणि मग, जे नुसतं मनात ठेवलं असतं तरी चाललं असतं, ते तो बोलून गेला, ‘‘तुमची हरकत नसेल तर तोपर्यंत आम्ही दोघं इथंच राहिलो तर...’’

‘‘इथं?’’ बाबा म्हणाले.

‘‘वर्षभर. फार तर दोन.’’

‘‘म्हणजे घरजावई?’’ बाबा उभे राहिले. ‘‘अहो, सर, तुम्ही कुठल्या घरात बसलायत ठाऊक आहे? जासुदाच्या! आमच्या कुळात आजवर कुणी सासऱ्याच्या ओसरीवर वळकटी टाकलेली नाही, आणि कुणाला टाकू दिलेली नाही!’’

आतल्या दारात ताई पोह्यांचा ट्रे धरून उभी होती. ट्रेमधल्या बश्या तेवढ्या वाजत होत्या. आई ताईकडे आणि बाबांकडे आळीपाळीने बघत होती. तेवढ्यात बाबांना मी दिसलो.

‘‘हा बघा, हा आजच कागद बघून आला! सांग रे यांना. काय होते आपले आजे, सांग.’’

सगळे माझ्याकडे बघायला लागले. सर, बाबा, आई. ताईसुद्धा. ताईच्या डोळ्यांत काही अपेक्षा होती असं मी म्हणणार नाही. माझ्याकडून काही बोललं जाईल अशी सवयच घरात कुणाला नव्हती. खिशात तो फुलस्केप होता. हात वर करून खिशात घातला असता तर पुढची तीन वर्षं वेगळी गेली असती.

मी म्हणालो, ‘‘अक्षर लागत नाही म्हणाले गुरुजी. पुन्हा यायला सांगितलंय.’’

सर उठून गेले. पोहे तसेच राहिले.

हे मी का केलं, याची उत्तरं मी पुढे अनेक वर्षं मनाशी घोकली, आणि ती चांगली उत्तरं होती. बाबांचं मन मोडलं असतं. ज्या आडनावाच्या पोथीत शिरायला ते धडपडत होते ते आडनावच मुळात बायकोकडचं निघालं, तर मंडळाने आम्हाला दारातूनच परत पाठवलं असतं. परक्या माणसासमोर बापाचा पाणउतारा कसा करायचा? सगळं खरं आहे. पण त्या क्षणी यातलं काहीही माझ्या मनात नव्हतं. माझ्या मनात पोटमाळा होता.

तो पोटमाळा मी नोकरी लागल्यावर मिळवला होता. त्यावरची जुनी पिंपं, गणपतीची मखरं, फुटका बंब मी स्वतः खाली काढली होती. वर एक गादी, एक टेबलफॅन, पुस्तकांची एक फळी. तिथे उभं राहता येत नसे. बसलं तरी मान कलती ठेवावी लागे. पण शिडी चढून गेलं की मी एकटा असे. दोन खोल्यांत चार माणसांनी राहिलेल्याला एकटं असण्याची किंमत विचारा. आणि नवं जोडपं घरात राहणार असेल तर पोटमाळा त्यांना द्यायचा, ही आमच्या चाळीची रीतच होती. खालच्या मजल्यावर दिला होता, समोरच्यांनी दिला होता. सर इथं राहिले असते तर मी खाली बाबांच्या घोरण्याशेजारी आलो असतो. एवढंच. यासाठी मी गप्प बसलो. तो फुलस्केप मी पोटमाळ्यावरच, फळीवर अंथरलेल्या वर्तमानपत्राखाली ठेवला.

पुढचं त्याहून वाईट आहे. बाबांनी आठवडाभर धोशा लावल्यावर मी माहितीपत्रक भरलं. ‘अस्सल मोडी कागद समक्ष पाहिला आहे; अत्यंत जीर्ण असल्याने पाठवता येत नाही.’ मंडळाचं म्हणणं होतं की माहिती टाइप करून पाठवावी. मराठी टाइपरायटर माझ्या माहितीत एकाच ठिकाणी होता. मी कॅम्प चारला गेलो. सरांनी कागद चढवला, मध्ये कार्बन घातले आणि टाइप करायला घेतलं. ‘घोडदळातील’पाशी ते थांबले. ‘‘या मशीनचा ळ चिकटतो,’’ म्हणाले, आणि ळ नखाने सोडवून घेतला. माझं ‘जासुद’ त्यांनी दुरुस्त करून ‘जासूद’ केलं. तिन्ही प्रती नीट घडी करून दिल्या.

‘‘म्हणजे अक्षर लागलं शेवटी,’’ ते म्हणाले.

‘‘हो.’’

‘‘बरं झालं. बाबांना बरं वाटेल.’’

तो माणूस तसा आहे. अजूनही.

मग बाबांनी ताईसाठी मुलं बघायला सुरुवात केली. तीन वर्षं. आमच्या बाहेरच्या खोलीत पाहुणे बसत, मी पोटमाळ्यावर मान कलती करून ऐकत असे. प्रत्येक वेळी पोहे यायच्या आत बाबांचं घोडदळ निघे. एका मुलाच्या वडिलांनी विचारलं, ‘‘तुमच्या गुडघ्यांची तक्रार तेव्हापासूनचीच का?’’ दुसऱ्या एकांना वाटलं की आपल्याला वरातीच्या घोड्याचं सुचवलं जातंय. ते म्हणाले, ‘‘आमच्याकडे बँड असतो फक्त.’’ ताई ट्रे घेऊन यायची, मान खाली घालून बशी ठेवायची आणि जाता जाता, अगदी नम्र आवाजात, मुलाला एकच प्रश्न विचारायची, ‘‘तुम्हाला टायपिंग येतं का?’’

कुणालाच येत नव्हतं. अकरा मुलांपैकी एकालाही नाही. बाहेरच्यांना ते विनोदी वाटायचं. चाळीत ती गोष्ट रंगवून सांगत. मलाही वर हसू यायचं. पण पाहुणे गेल्यावर ताई उरलेल्या पोह्यांवर झाकण ठेवायची, त्याचा आवाज वर यायचा. आणि माझ्या डोक्याशी, उशीपासून दोन हातांवर, तो फुलस्केप असायचा.

शेवटी सरांना अंबरनाथ पूर्वेला तळमजल्यावरची एक खोली मिळाली. स्वतःचं दार असलेला जावई आला म्हटल्यावर बाबांना बोलायला जागाच उरली नाही. ताई तेव्हा एकोणतीस वर्षांची होती. रजिस्टर पद्धतीने लग्न झालं, मी साक्षीदाराची सही केली. त्याच सुमारास कुलवृत्तांत छापून आला. बाबांनी तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून लग्नाच्या चहापानाला नेला आणि आमच्या शाखेचं पान उघडून नव्या जावयाला दाखवलं. सरांनी वाचलं आणि म्हणाले, ‘‘ळ छान आलाय.’’

नव्वदचं दशक लागलं. माझं लग्न झालं, आई गेली. बाबांचे गुडघे पहिल्या मजल्याचा जिना चढेनात, तेव्हा तळमजला म्हणून ताई त्यांना ‘आठ दिवस’ अंबरनाथला घेऊन गेली. ते आठ दिवस बाबा जाईपर्यंत चालले. बाबांनी मात्र आपण तिथे राहतो हे कधीच मान्य केलं नाही. त्यांची बॅग शेवटपर्यंत भरलेली असे. रोज तिच्यातून सदरा काढत आणि धुऊन आला की परत तिच्यातच ठेवत. कुणी आलं की सांगत, ‘‘मी पाहुणा आहे. उद्या-परवा निघतोय.’’ आणि भावजी, म्हणजे आता सरांना मी भावजी म्हणत होतो, गंभीरपणे म्हणत, ‘‘बाबा, एवढा रविवार राहा.’’

आम्ही विठ्ठलवाडीची चाळ सोडून बदलापूरला ब्लॉक घेतला, तेव्हा सामान आवरताना पोटमाळ्यावरच्या फळीचं वर्तमानपत्र बायकोने उचललं. ‘‘अहो, हा घरजावई कोण?’’ तिने शिडीवरूनच विचारलं. दहा-बारा वर्षांत पहिल्यांदा मी ती गोष्ट कुणाला सांगितली. तिने ऐकून घेतलं, फुलस्केप झटकला आणि माझ्या हातात दिला. ‘‘ताईंना दाखवा. आज. ट्रक उद्या आला तरी चालेल.’’

मी गेलो. रविवारची दुपार होती. बाबा बाहेर मोठ्या आवाजात टीव्ही बघत होते, भावजी त्यांच्या शेजारी पेपर वाचत होते. स्वयंपाकघरात ताई पोळ्या लाटत होती. मी कागद ओट्यावर ठेवला. पिठाचे हात लागू नयेत म्हणून तिने तो मलाच धरायला लावला, आणि लाटता लाटता वाचला. ‘म्हैस राखावी’पाशी ती हसली. ‘सासूशी उलट बोलू नये’ला लाटणं खाली ठेवून इतकी हसली की भावजी पेपर घेऊन दारात आले. त्यांनीही वाचला आणि डोळे पुसत म्हणाले, ‘‘आणि मी त्याला टाइप करून दिलं! तीन प्रतींत!’’

मग ताईने विचारलं, ‘‘हा कागद कधी मिळाला तुला?’’

मी सांगितलं. भावजी इस्त्रीचा शर्ट घालून आले होते, त्या दिवशी सकाळी.

भावजींचं हसणं थांबलं. ते हळूच बाहेर जाऊन बाबांशेजारी बसले. तव्यावरची पोळी करपत होती. ताईने ती काढली नाही.

‘‘बोलला का नाहीस?’’

माझी चांगली उत्तरं सगळी तयार होती. बाबांचं मन, घराण्याची अब्रू. तोंडापर्यंत आली होती. मी म्हणालो, ‘‘मला पोटमाळा हवा होता.’’

तिने गॅस बारीक केला. ‘‘अकरा मुलं, रे,’’ ती म्हणाली. ‘‘अकरा वेळा साडी नेसले मी.’’

आणि थोड्या वेळाने, ‘‘बाबांना सांगायचं नाही. जाईपर्यंत नाही. हे मी त्यांच्यासाठी म्हणतेय, तुझ्यासाठी नाही.’’

आम्ही जेवायला बसलो. ताई वाढत होती. आमच्या घरी मी जेवायला बसलो की ठरलेलं असायचं : दुसरी पोळी संपत आली की ताई तिसरी घेऊन यायची, मी पानावर आडवा हात धरायचा, ‘‘कसला जेवतोस रे, पाखरासारखा’’ म्हणत ती बोटांच्या फटीतून पोळी सरकवायची. लहानपणापासून असंच. त्या दिवशी तिने बाबांना आग्रह केला, भावजींना केला. माझ्यापाशी आली तेव्हा मी सवयीने पानावर हात धरला. ती पोळ्यांचा डबा घेऊन तशीच पुढे गेली. हात पानावर तसाच राहिला. बाबांनी टीव्हीवरून नजर काढून विचारलं, ‘‘नको कशाला म्हणतोस? घे की.’’

मी हात काढला आणि म्हणालो, ‘‘ताई, मला एक पोळी दे.’’

तिने दिली. तेव्हापासून तिच्या घरी मी पोळी मागून घेतो, आणि मागितली की ती देते.